मांडीवर निजलेला

रविवारची सकाळ होती. एली झिराडकर झोपेतल्या टी-शर्टवरच जॅकेट चढवून खाली डेस्कवर पार्सल घ्यायला गेला. डेस्कवरच्या सरदारजींनी खोकं पुढे सरकवण्याआधी नाकाशी नेलं. “परसों से पड़ा है, प्राजी. जापान से. मिठाई है क्या अंदर? बड़ी मीठी खुशबू आ रही है.” एली हसला, त्याने सही केली, आणि लिफ्टपर्यंत पोहोचेस्तोवर ते हसू गळून पडलं, कारण तो वास आता त्यालाही आला होता. मेण, तेल आणि कुठल्याशा फुलाची गोडी यांच्या मधलं काहीतरी. पाच वर्षांत हा वास त्याच्या वाट्याला आला नव्हता. कॅनडातल्या मिसिसागात तो मिळतच नाही. लिफ्टमध्ये तो एकटाच होता आणि तरी त्याची मान आपोआप ताठ झाली, जणू मागे कोणी कंगवा घेऊन बसलंय आणि आपण हललो तर डोक्यात टपली बसेल. घरात येऊन त्याने ओट्यावर खोकं फोडलं. आत पातळ लाकडाची पेटी, तिच्यात पांढरा कागद, आणि कागदात केसांचा वीतभर बुचडा, कागदी दोरीने आवळलेला, अजून काळाभोर, तेलाने चकाकणारा. चिठ्ठी नव्हती. तिची गरजही नव्हती. आपले केस माणूस ओळखतो. एवढंच त्याला कळेना, की दोरीच्या खालचा तो कापलेला शेवट इतका सरळ कसा. त्याने स्वतः कापले होते ते. देवळाच्या न्हाणीघरात, भाजीच्या कात्रीने, वेड्यासारखे चावत चावत कापले होते. पेटीतला काप मात्र एका झटक्याचा होता, पट्टी लावावी इतका सरळ.

हा वास म्हणजे त्याच्या तरुणपणीची सगळी वर्षं. मिसिसागाच्या शाळेत तो मॅटवरची कुस्ती खेळायचा, जाडा म्हणून मुलं हसायची आणि मग पाठीवर पडली की हसायची थांबायची. कोणा कोचने कोणाला फोन केला, टोकियोहून एक बुटका, रुंद, पांढऱ्या भुवयांचा माणूस आला, त्याने एलीच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, बैल घेताना पाहतात तशा, आणि एकोणिसाव्या वर्षी एली सुमोच्या तालमीत दाखल झाला. त्या माणसाला सगळे ओयाकाता म्हणत, म्हणजे तालमीचा बाप. त्याच्या बायकोला ओकामिसान, म्हणजे तालमीची आई. एका तालमीत परदेशी पोरगा एकच घेता येतो, असा नियम. म्हणजे त्याच्यासाठी ओयाकातांनी आपली ती एकुलती जागा खर्च केली होती. नाव दिलं काएदेयामा, मेपलचा डोंगर. डोंगराने पहिली दोन वर्षं पहाटे उठून आखाडा झाडला, मोठ्यांच्या पाठी घासल्या, हंडाभर कालवण ढवळलं आणि सगळ्यांचं जेवून झाल्यावर तळाशी राहिलेलं खाल्लं. सुमोत वरच्या दोन वर्गांतल्या पैलवानालाच पगार, रेशमी लंगोट, स्वतःची खोली. बाकी सगळे पोरंच, मग तिशी उलटलेली का असेनात. त्या दोन वर्गांच्या उंबरठ्यावर येऊन कितीजण म्हातारे होतात. एलीला उंबरठ्यापर्यंत यायला सहा वर्षं लागली. दर रविवारी तो घरी फोन करी आणि पप्पा विचारत, “काय रे, रेशीम कधी?” तो म्हणे, “पप्पा, अजून सुतीच.” पप्पा खळखळून हसत. मागून आईचा आवाज येई, “त्याला विचारा, जेवला का.” जगातल्या सगळ्यांत जास्त जेवणाऱ्या धंद्यात शिरलेल्या पोराला ती सहा वर्षं हेच विचारत होती.

पप्पा म्हणजे रूबेनमास्तर. ठाण्याला असताना रेल्वेत कारकून, टोरांटोत आल्यावर एका गोदामात रात्रपाळी. पण त्यांचं खरं काम कीर्तनाचं. आपल्या बेने इस्रायली लोकांतलं कीर्तन आता ऐकायला मिळत नाही असं सगळे म्हणत आणि मास्तर बाजाची पेटी घेऊन बसले की सगळे येत. ज्यूंच्या धर्मग्रंथांतल्या गोष्टी, साध्या मराठीत, ओव्या आणि साक्या, मधेच एखादा टोला, मधेच हुंदका. ऐकणाऱ्या माणसाला वाटावं की हा सागर दुभंगला तो अलिबागजवळच. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं आख्यान त्या बलवानाचं, ज्याचं सगळं बळ केसांत होतं आणि ज्याला प्रेमाच्या माणसाने झोपवून त्याचे केस कापले. मास्तर पेटीचा भाता सोडून दोन्ही हात मोकळे करत आणि विचारत, “बलवान कुठे निजला? शत्रूच्या छावणीत निजला का? तिथे तो सावध होता. निजला तो मांडीवर!” मग पेटी, मग झांजा, मग त्यांनी स्वतःच रचलेलं ध्रुवपद: ‘सांगा हो, कोणी कापिले केस?’ आणि टाळकऱ्यांनी उत्तर द्यायचं: ‘मांडीवर ज्याच्या निजला, त्याने कापिले.’ लहानपणी झांजा एलीकडे असत. मोठा भाऊ ज्युडा तबल्यावर. एलीला त्या ओळीची भीती वाटे, कारण त्या वेळी तो बहुधा आईच्या मांडीला टेकून बसलेला असे.

मास्तर एकदाच टोकियोला आले होते. सकाळचा सराव संपल्यावर तालमीच्या चटईवर बसून, पेटी नाही काही नाही, नुसत्या टाळीवर त्यांनी हेच आख्यान म्हटलं. घामाने निथळणारे ते सगळे डोंगर मांडी घालून ऐकत होते, एली तोडक्यामोडक्या जपानीत सांगत होता. ओयाकातांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. “केस कापल्यावर तो पुन्हा उभा राहिला का?” पप्पा म्हणाले, “केस वाढले ना. केसांना कोण अडवणार?” ओयाकातांनी स्वतःच्या आखूड केसांवरून हात फिरवला. मग म्हणाले, “आमच्याकडे पैलवान निवृत्त होतो तेव्हा जवळची माणसं एकेक करून त्याच्या केसांना कात्री लावतात. शेवटचा काप गुरूचा. तो बसेपर्यंत पोरगा आमचा.” पप्पांनी एलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओयाकातांना मराठीतच म्हणाले, “मग हा तुमच्या मांडीवर दिला म्हणा.” एलीने त्याचं भाषांतर केलं नव्हतं. त्याला लाज वाटली होती. पण ओयाकातांनी मान लववली होती, जशी काही त्यांना मराठी येत होती.

आणि तीच मांडी. हे एलीने पाच वर्षं रोज स्वतःला सांगितलं होतं. नोव्हेंबरची स्पर्धा दूर दक्षिणेत फुकुओकाला असते, तालीम तिथल्या एका देवळात उतरते. त्या वर्षी तो उंबरठ्यावर होता: तीन जिंकलेल्या, तीन हरलेल्या, एक उरलेली. जिंकला तर रेशीम. सुमोत पंच कुस्ती सुरू करत नाही. दोघांनी समोरासमोर ओणवं होऊन आपणहून मुठी मातीला टेकवायच्या असतात, श्वासाला श्वास जुळला की मगच. त्या दिवशी तो जुळला आणि पुढचं एलीला आठवत नाही, एवढंच की समोरचा माणूस आखाड्याखाली गडगडला होता आणि एलीचा हात, शिकवल्याप्रमाणे, खाली त्याच्याकडे गेला होता. पडलेल्याला हात द्यायचा आणि त्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही. ओयाकातांनी पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. संध्याकाळी देवळात त्यांनी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, तुझे वडील गेले. कधी? या आठवड्यातच. सोमवारी. एलीने हिशेब केला नाही, अंगानेच तो केला. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार तो जेवला होता, झोपला होता, एकदा हसलाही होता. “तुम्हाला ठाऊक होतं?” “होतं.” “आणि मला खेळवलंत?” ओयाकाता म्हणाले, “हो.” एवढंच. एक शब्द जास्त नाही. त्याच रात्री न्हाणीघरात त्याने केस कापले, फरशीवर टाकले आणि विमान पकडलं. पुढच्या आठवड्यात नव्या पगारी पैलवानांची नावं लागली, त्यांत मेपलचा डोंगर नव्हता. तो मिसिसागात आईच्या बेसमेंटमध्ये, शिवाच्या, म्हणजे सात दिवसांच्या सुतकाच्या, उरलेल्या दिवसांपुरता, आरशांवर टाकलेल्या चादरींकडे पाहत जमिनीवर बसला होता. बापाला मातीत ठेवताना कद्दीश, म्हणजे मेलेल्यासाठीचं स्तोत्र, म्हणायचं असतं मुलाने. ते ज्युडाने एकट्याने म्हटलं होतं. ते चुकलं ते चुकलं. पुन्हा म्हणता येतं, दरवर्षी म्हणता येतं, पण मातीच्या तोंडाशी एकदाच.

पार्सलवरच्या चिठोऱ्यावर फोननंबर होता. एलीने तो लावला तेव्हा आपल्याला नेमकं काय बोलायचं आहे हे त्याला माहीत नव्हतं. बहुधा, पुन्हा काही पाठवू नका, एवढंच. पलीकडे ओकामिसान होत्या. तोच दमलेला, गोड आवाज, मागे भांड्यांचा खडखडाट, कोणीतरी हसतंय. “काएदे? बोल रे बाळा. आम्ही त्याच देवळात आहोत. आजच स्पर्धा संपली. यांना पासष्ट झाली, आज शेवटचा दिवस होता. तालीम मोडतोय आता. पोरं दुसऱ्या तालमीत जातील.” एली ‘हं’ म्हणाला. जपानी भाषा त्याच्या तोंडात गंजली होती आणि गंजलेली असूनही आपोआप नम्र होत होती, याचाच त्याला राग आला. “केस तुझे कपाटात होते. बंद घरात कसे ठेवू? म्हणून पाठवले.” तो म्हणाला, “कोणी सरळ केले ते?” “यांनी. त्याच रात्री. न्हाणीघरातून वेचून आणले, एकेक बट जुळवून बांधली आणि समारंभाची सोनेरी कात्री काढून शेवटचा काप दिला. म्हणाले, पोराचं अर्धवट राहायला नको.” एलीने त्या सरळ कापावरून अंगठा फिरवला. तो म्हणाला, “मला त्यांनी त्या वेळी सांगायला हवं होतं.” मग ओकामिसान अगदी हळू म्हणाल्या, “पण तुझ्या भावानेच तर मागून घेतलं होतं ना.”

“काय?”

“फोन मीच उचलला होता. माझं इंग्रजी असं. मी म्हटलं, थांबा, त्याला उठवते. तर तो म्हणाला नको, नको, शेवटची कुस्ती होईपर्यंत नको. दोनदा फोन केला त्याने. दुसऱ्यांदा रडला. मी यांना सांगितलं. हे रात्रभर बसून होते. म्हणाले, रक्ताच्या माणसाने मागितलंय, नाही म्हणणारा मी कोण. आणि म्हणाले, पोरगा विचारेल तेव्हा भावाचं नाव घ्यायचं नाही. त्याला घरी जायचंय, तिथे त्याला भाऊ लागेल.” मग ती बाई, जिला आपण काय केलं हे आता कळत होतं, घाईघाईने म्हणाली, “तुला घरी सांगितलंच असेल की रे त्यांनी. पाच वर्षं झाली.”

“हो,” एली म्हणाला. “सांगितलं.”

कीर्तन दुपारी होतं. ज्युडाच्या कॉन्डोची पार्टी रूम, दरवर्षी पप्पांच्या पुण्यतिथीला. एली बसने निघाला. केसांची पेटी जॅकेटच्या आतल्या खिशात, छातीशी. बाहेर बर्फ सुरू झालं होतं, त्या वर्षीचं पहिलं नीट बसणारं. बसमध्ये दोघांची जागा तो एकटा व्यापून बसला होता, नेहमीप्रमाणे, आणि लोक नेहमीप्रमाणे उभे राहूनही त्याच्या शेजारी टेकत नव्हते. त्याला आठवत होतं ते भलतंच. पप्पा गेल्यावर ज्युडा पेटीवर आला. त्याचा आवाज चांगला, पप्पांपेक्षा गोडच. पहिल्याच पुण्यतिथीला त्याने बलवानाचं आख्यान लावलं आणि मधे एक नवा दृष्टांत घातला. “मंडळी, माझा धाकटा भाऊ. परक्या देशात, परक्या गुरूच्या घरात. इकडे बाप डोळे मिटतो, आणि तो पाषाणहृदयी गुरू काय करतो? बातमी गिळतो! पोराला आखाड्यात ढकलतो!” बायका पदर डोळ्यांना लावत. आणि ज्युडाने ध्रुवपदही बदललं होतं. ‘सांगा हो, कोणी कापिले केस?’ त्याचं उत्तर झालं होतं: ‘परक्याने हो, परक्याने कापिले.’ ते उत्तर दरवर्षी एलीने दिलं होतं. झांजा वाजवत, डोळ्यांत पाणी आणून दिलं होतं. एकदा तर कार्यक्रम झाल्यावर त्याने ज्युडाला मिठी मारली होती आणि म्हटलं होतं, दादा, माझ्या मनातलं तू बोललास. ज्युडाच्या पाठीचे स्नायू त्या मिठीत कसे आखडले होते, ते आत्ता बसमध्ये, इतक्या वर्षांनी, एलीच्या तळहातांना कळलं. समोरच्याच्या पाठीवर हात ठेवला की तो कुठे जाणार हे ओळखायचं, यात त्याने आयुष्य घालवलं होतं. आणि घरातली पाठ त्याला वाचता आली नव्हती.

पार्टी रूमच्या मागच्या किचनमध्ये आई मलिदा कालवत होती. मेबल झिराडकर, अडुसष्ट, अंगावर स्वेटरवर स्वेटर, परातीत भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची. “आलास? बूट काढ आधी, सगळं पाणी केलंस. जेवलास का?” एली दारातच उभा राहिला. त्याने पेटी काढून परातीशेजारी ठेवली आणि उघडली. आईने वाकून पाहिलं, वास घेतला आणि पोह्यांतला हात तसाच थांबला. तिने विचारलं नाही, काय आहे म्हणून. त्यावरूनच त्याला कळलं.

“तुला पण माहीत होतं,” तो म्हणाला.

“हळू बोल. बाहेर माणसं आलीयत.”

“आई.”

“तुझ्या बापाने सहा वर्षं सगळ्या जगाला सांगितलं होतं, माझा पोरगा रेशीम नेसणार. हॉस्पिटलात त्या फिलिपिनो नर्सला पण सांगितलं. ज्युडा म्हणाला, आपल्यात माती लांबवत नाहीत, आता बोलावलं तरी ती मिळायची नाही आणि रेशीम पण जायचं. मी म्हटलं, तुला कळतं तसं कर. मला काय कळत होतं रे तेव्हा?” ती पुन्हा पोहे चोळायला लागली, फार जोरात. “आम्हाला काय माहीत तू केस कापून येशील.”

“आणि नंतर? पाच वर्षं?”

आईने हाताला चिकटलेले पोहे निपटून परातीत टाकले. मग परातीकडेच बघून म्हणाली, “तू आलास तो त्या माणसाला शिव्या देतच आलास. मला वाटलं, बरं झालं. शिव्या घरात नाही आल्या.”

तेवढ्यात ज्युडाची मुलगी ॲबी आत डोकावली. “आजी, डॅड इज आस्किंग, कॅन वी स्टार्ट? लोक कमी आहेत बिकॉज ऑफ द स्नो. ओ माय गॉड, एलीकाका, इज दॅट हेअर? दॅट इज सो ग्रोस.” ती हसली, मग दोघांचे चेहरे पाहून हसायची थांबली. एलीने पेटी मिटली.

ज्युडा बाजाच्या पेटीवर बसला होता, पांढरा सदरा, डोक्यावर मखमली टोपी, पप्पांची. “ये रे पैलवान,” तो माइकमध्येच म्हणाला, “स्टेज मोडू नकोस फक्त.” माणसं हसली. हे दरवर्षीचं होतं. एली दरवर्षीच्या जागी बसला, झांजा घेतल्या, आणि लाकडी पेटी उघडून दोघांच्या मधे, बाजाच्या पायाशी ठेवली. ज्युडाने नमन सुरू केलं होतं. वास त्याच्यापर्यंत पोहोचायला दोन ओळी लागल्या. त्याने खाली पाहिलं. बोटं पट्ट्यांवरून सरकली नाहीत. तो तयारीचा माणूस. पण गळ्यातून जाणारा श्वास एका जागी अडकून मग पुढे गेला, आणि एवढं एलीला पुरे होतं.

आख्यान पुढे गेलं. बलवानाने सिंह फाडला, वेशीचे दरवाजे खांद्यावर नेले. मागे हायम अंकल दाद देत होते, “वा! वा!” मग ती जागा जवळ आली, जिथे दृष्टांत येतो, आणि ज्युडा ती ओलांडून सरळ पुढच्या साकीवर गेला. अगदी सफाईने. कोणाच्या लक्षातही आलं नसतं. एलीने झांजा थांबवल्या आणि प्रेमळ, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “दादा, गुरूचं राहिलं. दरवर्षी सांगतोस.”

“हो, हो, ते सांगा,” बायकांतून कोणीतरी म्हणालं.

ज्युडाने एलीकडे पाहिलं. एलीला वाटलं, आता. श्वास जुळला की आता तो मूठ टेकवेल. त्या एका क्षणात एलीने त्याला सगळं माफ केलं असतं. लोकांसमोर नको, नुसतं ‘ते राहू दे’ म्हणाला असता तरी चाललं असतं, नजर खाली वळवली असती तरी चाललं असतं. ज्युडाने ओठ ओले केले, पेटीचा भाता एकदा रिकामा दाबला, आणि एलीच्या डोळ्यांत पाहत म्हणाला, “मंडळी, माझा धाकटा भाऊ. परक्या देशात. परक्या गुरूच्या घरात.” आणि त्याने ते सांगितलं, सगळं, पाषाणहृदयापासून गिळलेल्या बातमीपर्यंत, आणि आजवर कधी सांगितलं नव्हतं इतकं चांगलं सांगितलं. त्याचा आवाज खरोखर कापत होता. माणसं रडली. पुढच्या रांगेत आई बसली होती. तिने पदर तोंडात धरला. एली ऐकत होता आणि त्याला देवळाच्या त्या खोलीतला म्हातारा दिसत होता, ‘हो’ एवढंच म्हणणारा, पोराला घरी भाऊ लागेल म्हणून. त्या माणसाला इथे पाच वर्षं या पंचवीस-तीस माणसांसमोर दगड केलं होतं, आणि दगडाला टाळ एलीने दिला होता.

ज्युडा ध्रुवपदावर आला. “सांगा हो, कोणी कापिले केस?”

एलीने झांज उचलली. त्याचा आवाज गोड नव्हता, कधीच नव्हता. पण छाती त्या आखाड्यात घडलेली होती. “मांडीवर ज्याच्या निजला,” त्याने म्हटलं, “त्याने कापिले.”

बाजा थांबला. भात्यातली उरलेली हवा एका स्वरातून करुण सुटत राहिली आणि संपली. आणि मग मागून हायम अंकल, ऐंशीचे, कापऱ्या आवाजात ओरडले, “रूबेनची ओळ! अरे, ही रूबेनची ओळ! किती वर्षांनी!” खोलीभर आनंदाची एक लाट गेली. म्हाताऱ्यांना आठवलं, त्यांनी टाळ्या धरल्या, आणि बर्फामुळे अर्धी रिकामी राहिलेली ती पार्टी रूम एका सुरात म्हणायला लागली, मांडीवर ज्याच्या निजला, त्याने कापिले. माणसं हसत होती, डोळे पुसत होती. तिघेच गात नव्हते. ज्युडाची बोटं पट्ट्यांवर होती, पण दाबलेली नव्हती.

आख्यान कसंबसं संपलं. एलीने केसांची पेटी उचलली, बूट घातले, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. दारापाशी हायम अंकलनी त्याची बाही धरली. “कुठे? कद्दीश राहिलंय.” “मला जायचंय, अंकल.” “जा की. मग कद्दीश नाही.” ते बोटाने खोलीतले पुरुष मोजत होते, रीतीप्रमाणे आकडा न उच्चारता, मनातल्या मनात. दहा पुरुष लागतात. बर्फाने अर्धे घरीच ठेवले होते. “तुला धरून दहा. नुसता उभा राहा, बोलू नकोस हवं तर. अंग तर दे बापाला.”

अंग. त्याच्याकडून सगळ्यांना ते हवं होतं, शाळेपासून. तो परत फिरला. बूट घातलेलेच, जॅकेट घातलेलंच, बर्फाचं पाणी फरशीवर टाकत तो ओळीच्या टोकाला, ज्युडाच्या शेजारी उभा राहिला, कारण दुसरीकडे जागा नव्हती. तोंड बंद ठेवायचं त्याने ठरवलं होतं. ज्युडाने सुरुवात केली. आठजणांनी आमेन म्हटलं. छातीशी पेटी होती आणि तिच्यातून तो वास येत होता, आणि एलीच्या मनात आलं की आता तिकडे पहाट होत आली असेल, देवळात अंधार असेल, आणि म्हातारा जागा असेल. उद्या फोन करायचा. येतो म्हणायचं. मान खाली घालून समोर बसायचं आणि काही बोलायचं नाही, त्यांच्यासारखं.

मधेच ज्युडाचा आवाज तुटला. पाठ असलेले शब्द, पाच वर्षं म्हटलेले, मातीच्या तोंडाशी एकट्याने म्हटलेले. आणि तो एका शब्दावर येऊन थांबला. पुन्हा मागून घेतलं, पुन्हा तिथेच थांबला. कोणी सांगेना, मुलाचं कद्दीश, मुलानेच म्हणायचं. एलीच्या खांद्याला त्याचा खांदा लागत होता आणि तो खांदा थरथरत होता, आखाड्याच्या कडेवर टाच गेलेल्या माणसाचा थरथरतो तसा. बोट लावलं असतं तरी गडगडला असता.

एलीने समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि पुढचा शब्द म्हटला. ज्युडाने तो धरला, उभा राहिला, पुढे गेला. एलीने शेवटपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.